ताडकळसला गायलेला अभंग

सटवाजी : ...ते पाण्याचं राहू दे माय, बसमध्ये बसून आलोय, पळत न्हाई आलो. तू आधी ती खुर्ची घे अन् अशी माझ्याजवळ सरक. तुला एक गोष्ट सांगायची हाय. आपल्या गावची हाय, ताजी हाय, अन् तुझ्या कामाची हाय.

अनुपमा : काका, तुमच्या गोष्टीला मी कधी नको म्हणलेय का? पण आत्ता अर्ध्या तासात लोक यायला लागतील. आज आमच्या डेटा कट्ट्याची बैठक आहे, पहिलं भाषण माझंच. आणि हा प्रोजेक्टर सकाळपासून नुसता निळा पडदा दाखवायलाय.

सटवाजी : म्हणून तर आज आलो. भाषण झाल्यावर सांगून काय उपेग?

वैभव : अनु, केबलची पिन ढिली होती गं. धरून ठेवली की चित्र येतंय, सोडली की जातंय. कागदाची घडी कोंबू का? ...हे कोण?

अनुपमा : हे सटवाजी काका, आमच्या ताडकळसचे. सप्त्यात कीर्तनाला वीणा घेऊन उभे राहतात. काका, हा वैभव. सेलूच्या शिवप्रकाश काकांचा मुलगा, ते कापसाच्या जिनिंगवाले. कट्टा आम्ही दोघं मिळून चालवतो.

वैभव : वीणा! काका, मग तुम्हाला मी ओळखतो. अनुच्या भाषणात शेवटी व्हिडिओ आहे ना, तुमच्या गावच्या कीर्तनाचा. तुम्ही एकदम मधोमध दिसता त्यात. डोळे मिटून डोलायलात.

सटवाजी : डोळे मिटले तीच गल्लत झाली बाबा.

वैभव : म्हणजे?

सटवाजी : तेच सांगायलोय, तू आधी बस. हे हातातलं वायर सोड.

वैभव : सोडलं की चित्र जातंय काका.

सटवाजी : जाऊ दे थोडा वेळ.

अनुपमा : बोला काका. गोपाळ महाराजांचंच आहे ना काही? ते माझा फोन उचलंनात आठवड्यापासून. तो व्हिडिओ दाखवू का म्हणून विचारायचं होतं.

सटवाजी : गोपाळाचंच हाय. कस्तुराबाईचा गोपाळ. या पोराला सांगतो आधी, त्याला माहीत नसंल. आमच्या गल्लीतलं लेकरू. बाप लहानपणीच गेला, आईनं दुसऱ्याच्या रानात निंदणं-खुरपणं करून वाढवलं. गळा देवानं दिला, अन् पाठांतर त्यानं स्वतः केलं, जनावरामागं फिरता फिरता. आत्ता कुठं आसपासची गावं त्याला कीर्तनाला बोलवायलीत. यंदा आमच्या सप्त्यात पाचव्या दिवशी त्याचं कीर्तन होतं.

वैभव : आणि त्या कीर्तनात त्यांनी अनुच्या ‘गाथा सोबती’मधून मिळालेला अभंग गायला. तीच तर आजची गोष्ट आहे काका! खेड्यातला कीर्तनकार व्हॉट्सॲपवर विषय लिहितो, यंत्र सगळी गाथा धुंडाळतं, अभंग हातात ठेवतं, वर अर्थ समजावून सांगतं. पुण्याहून साक्षी मॅडम यायल्यात हे बघायला. त्यांच्या संस्थेला आवडलं तर अनुला यातच काम मिळणार आहे.

सटवाजी : ते चांगलंच हाय. पोरीचं भलं व्हावं ही माझी बी इच्छा. तिची सिद्धम्मा आज्जी, घरी शिवाची पूजा, गळ्यात लिंग, पण आमच्या देवळात कीर्तन लागलं की पहिल्या रांगेत. ही तिच्या मांडीवर झोपायची.

अनुपमा : झोपायचे नाही काका, ऐकायचे.

सटवाजी : घोरत ऐकायचीस. बरं, आता ऐक. देवळामागं उन्हाळ्यात विहीर खणली ना, तिला पाणी लागलं. सगळं गाव खूश. गोपाळाच्या मनात आलं, कीर्तनात विहिरीचा अभंग घ्यावा. त्यानं तुझ्या त्याला विचारलं. त्यानं दिला. अन् काय गोड अभंग गं माय! विहिरीच्या तळाचं पाणी आभाळाला म्हणतंय, मी तुझ्याच घरचं, वाट चुकून खाली आलेलं, दोर सोडून मला वर घे. शेवटी संताचं नाव. गोपाळानं चाल अशी लावली की माझ्या डोळ्यांतून धार लागली. खोटं कशाला बोलू.

अनुपमा : व्हिडिओत दिसतंय ते. मला तर ते पाहून...

सटवाजी : थांब. व्हिडिओत माझ्यामागं टाळकरी हायेत, त्यांच्या तोंडाकडं बघितलंस का?

अनुपमा : नाही. का?

सटवाजी : कीर्तनात कसं असतंय, महाराज चरण म्हणतात अन् मागचे टाळकरी तो उचलतात. महाराजाचा शब्द पुरा व्हायच्या आत उचलतात, कारण त्यांना तो आधीच पाठ असतोय. त्या दिवशी गोपाळानं चरण म्हणला, मागं वळून हात केला, अन् कोणी उचलंना. टाळ वाजायलेत, मृदंग वाजायलाय, तोंडं बंद. नंतर व्हिडिओत बघितलं तर एकमेकांकडं बघायलेत.

वैभव : हां, तिथं जरा गॅप आहे व्हिडिओत. मला वाटलं माईकचा प्रॉब्लेम.

सटवाजी : मला वाटलं पोरं नवीन हायेत. गोपाळानं दोनदा म्हणला तेव्हा ऐकून ऐकून उचलला त्यांनी. मी आपला तंद्रीत. पण खाली बायांत सुमनबाई बसलेली. तिचं आयुष्य गाथ्याच्या पारायणात गेलं. दुसऱ्या दिवशी ती देवळात गाथा घेऊन बसली ती उठंचना. पान पान बघितलं. तो अभंग न्हाई.

वैभव : पाठभेद असेल काका. वेगवेगळ्या प्रती असतात ना.

सटवाजी : आमी बी तेच म्हणलो. मोठ्या महाराजांना फोन लावले. त्यांनी त्यांच्या गुरुबंधूंना लावले. कुठंच न्हाई.

अनुपमा : एक मिनिट. माझ्याकडं सगळी गाथा टाईप केलेली आहे. शोधते.

(अनुपमा लॅपटॉप पुढ्यात ओढते. वैभव केबल सोडतो. पडदा निळा होतो.)

वैभव : सापडला?

अनुपमा : ‘विहीर’ आहे. ‘दोर’ आहे. पण ते वेगळेच अभंग आहेत.

वैभव : ‘आभाळ’ टाकून बघ. ‘गगन’ टाक.

अनुपमा : टाकलं रे.

सटवाजी : न्हाई ना?

अनुपमा : नाही काका. हा अभंग माझ्या गाथेत पण नाही.

सटवाजी : मग त्यानं आणला कुठून?

अनुपमा : आणला नाही. रचला.

सटवाजी : रचला तर रचला. कोणी बी रचावा, देवाची ना न्हाई. पण शेवटी संताचं नाव कामून घातलं?

अनुपमा : कारण त्यानं जेवढे अभंग वाचले त्या प्रत्येकाच्या शेवटी नाव आहे. अभंग असाच संपतो एवढंच ते शिकलंय. त्या नावामागं कोणी माणूस होतं हे त्याला ठाऊक नाही.

वैभव : काका, हे सगळ्याच साधनांत होतं. जगात कुठंही होतं. आम्ही कट्ट्यावर पहिल्याच दिवशी सांगतो, मिळालेलं उत्तर तपासून घ्या म्हणून.

सटवाजी : गोपाळाला सांगितलंत का?

वैभव : म्हणजे... स्क्रीनवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं आहे.

सटवाजी : गोपाळाला काय वाटलं सांगू? त्यानं मला सांगितलंय. त्याला वाटलं, आप्पाच्या लेकीनं, म्हणजे या अनुपमानं, सगळी गाथा त्यात घातली, म्हणजे त्याला सगळी गाथा पाठ हाय. आमच्याकडं ज्याला पाठ हाय त्याला कोणी तपासत न्हाई बाबा. पाठ असणारा माणूस स्वतःचं मधी घालंल हे कोणाच्या मनातच येत न्हाई.

वैभव : अनु, पण ते आधी ‘सापडलं नाही’ म्हणायचं ना?

अनुपमा : म्हणायचं. मीच बंद केलं.

सटवाजी : काय बंद केलंस?

अनुपमा : सुरुवातीला मी त्याला सांगून ठेवलं होतं काका, की गाथेत नसेल तर सरळ म्हण, मला सापडलं नाही. मागच्या बैठकीत सगळ्यांसमोर चालवून दाखवलं, तर ते लागोपाठ तेच म्हणत राहिलं. पोरं हसायला लागली. मागून एक जण ओरडला, याच्यापेक्षा आमचा गुरव बरा.

वैभव : आणि मी म्हणालो, एवढं भित्रं नको ठेवू त्याला, जरा मोकळं सोड. मीच म्हणालो ते.

अनुपमा : तू म्हणालास, पण हात माझा होता.

सटवाजी : हसली म्हणून बंद केलंस होय? अगं, कीर्तनात चांगले चांगले महाराज चरण विसरतात. मग काय करतात? मागं वळतात. आमी मागून शब्द देतो, ते पुढं जातात. त्याला कोणी हसत न्हाई. म्हणून तर मागं एवढी माणसं उभी केलेली असतात.

अनुपमा : माझ्या त्याच्यामागं कोणी उभं नव्हतं काका.

सटवाजी : असू दे. रडू नकोस, आणखी पुढची खबर सांगायची हाय.

वैभव : आणखी आहे?

सटवाजी : खरी तीच हाय. पेडगावनं यंदा गोपाळाला काल्याचं कीर्तन दिलंय. सप्त्याच्या शेवटच्या दिवसाचं, सगळ्यात मानाचं. एवढ्या लहान वयात कोणाला मिळत न्हाई. आता तिथं कुजबुज चाललीय की हा पोरगा स्वतःचं रचतोय अन् संताच्या नावावर खपवतोय. कीर्तनकारावर याहून वाईट आळ न्हाई. चोरी केली म्हणले तर एक वेळ माफ होईल. आज दिवस मावळायला पेडगावची मंडळी देवळात बसायलीत, गोपाळाला ठेवायचं का काढायचं ते ठरवायला. त्यांनी काढलं की मग ना झरीवाले बोलवतील, ना पूर्णावाले. पोराचं कीर्तन संपलं.

अनुपमा : पण महाराजांनी सांगायचं ना, की मला अनुपमाच्या यंत्रानं दिला!

सटवाजी : सांगत न्हाई. मी विचारलं, बाबा, कुठला अभंग हा? तर मला एकट्याला फोन उघडून दाखवला, अन् म्हणला कोणाला सांगू नका. तोंडानं मी गायलोय, आता मशीनचं नाव सांगून मी मोकळा होऊ का? अन् वरून म्हणतो, आप्पांची लेक गावाचं नाव काढायलीय, तिचं नाव पारावर चर्चेला नको. मी आज इथं आलोय हे त्याला माहीत न्हाई. कळलं तर माझ्यासंगं बोलणार बी न्हाई.

वैभव : मग असं करू. तो व्हिडिओ काढून टाकू. भाषण बाकी तसंच. आणि बैठक संपली की अनु, तू पेडगावला फोन लाव, त्यांना नीट समजावून सांग. महाराज सुटले, आपलं पण इथं काही बिघडलं नाही.

सटवाजी : फोनवर सांगितलं तर म्हणतील, गोपाळानंच पोरीला बोलायला लावलं. गावातलीच हाय, आपल्या माणसासाठी बोलायलीय.

वैभव : काका, तुम्हाला कळत नाही. समोर साक्षी मॅडम असणार. हिनं उभं राहून सांगायचं की माझ्या साधनानं संताच्या नावावर खोटा अभंग दिला? हिचं काम तिथंच संपलं. गावोगावी हे साधन न्यायचं म्हणून त्या यायल्यात.

सटवाजी : कळतंय बाबा. म्हणून तर मी अजून काही मागितलं न्हाई. नुसतं सांगितलं.

अनुपमा : तुम्ही बोला ना मग. मागा की.

सटवाजी : मागितलं तर तू माझ्या भिडेखातर करशील. ते नको.

अनुपमा : वैभव, मॅडमला हे साधन गावोगावी न्यायचंय ना?

वैभव : हो, तेच म्हणायलोय.

अनुपमा : म्हणजे गावोगावी एकेक गोपाळ महाराज. फोन दे तुझा.

वैभव : कोणाला लावायलीस?

अनुपमा : शांत बस. ...हॅलो, महाराज? अनुपमा बोलतेय, ठेवू नका. रानात आहात का? ...फवारायलात. बरं, पंप बंद करा दोन मिनिटं, मला ऐकू येईना. ...हो, मला कळलं. कोणी सांगितलं ते राहू द्या. ...नाही महाराज, तुम्ही गायलात, पण दिला मी. मी आज इथं सगळ्यांसमोर सांगणार आहे. ...परवानगी मागत नाहीये, तुम्हाला आधी माहीत असावं म्हणून लावला. ...आप्पांचं मी बघते. आप्पा रागावले तर चार दिवस दुकानात जेवतील, मग येतील घरी. ...काय? ...नाही, कोणाचाच नाही तो. ...हो, म्हणा की. चाल तुमचीच आहे. फक्त शेवटचं नाव काढून म्हणा. ...बरं. कस्तुरा मावशींना नमस्कार सांगा.

सटवाजी : काय म्हणला?

अनुपमा : खूप वेळ नको नको म्हणाले. मग विचारलं, तो अभंग परत कधी म्हणायचा नाही का?

सटवाजी : मला बी तेच विचारायचं होतं, पण लाज वाटली. तो खोटा, मग माझ्या डोळ्यांतलं पाणी बी खोटंच का गं?

अनुपमा : नाही काका. पाणी तुमचं होतं. विहीर गावाची, गळा महाराजांचा. खोटं फक्त खालचं नाव होतं.

सटवाजी : असंल बाबा. आता देवाला विचारतो घरी गेल्यावर.

वैभव : अनु, पंधरा मिनिटं राहिलीत. मग शीर्षक बदलू का? ‘कीर्तनात एआय : एक यशस्वी प्रयोग’ लिहिलंय.

अनुपमा : ‘यशस्वी’ काढ. ‘प्रयोग’ पण काढ. ‘कीर्तनात एआय : आमच्या हातून झालेली चूक’ असं लिही.

वैभव : ‘माझ्या’ नाही, ‘आमच्या’?

अनुपमा : का, तुला नकोय?

वैभव : नको कुठं म्हणलो? विचारलं फक्त. ‘आमच्या’च राहू दे. मोकळं सोड मीच म्हणालो होतो. ...आणि व्हिडिओ?

अनुपमा : व्हिडिओ राहू दे. फक्त तिथं थांबव, जिथं टाळकरी एकमेकांकडं बघायलेत. महाराजांचं नाव मी घेणार, आणि त्यांचा दोष नाही हे पहिल्याच वाक्यात सांगणार. तोवर तू त्याला ‘सापडलं नाही’ परत म्हणायला लाव. नियम जुन्या फाईलमध्ये असेल.

वैभव : आहे. मी पुसली नव्हती. ...टाकला. घे, विचारून बघ.

अनुपमा : काका, तुम्ही विचारा. इथं बोला, ते लिहून घेतं.

सटवाजी : मी? काय म्हणू? ...रामकृष्णहरी. विहिरीचं पाणी आभाळासंगं बोलतंय असा अभंग हाय का तुझ्याकडं?

वैभव : आलं बघा. ‘माझ्याजवळच्या गाथेत असा अभंग सापडला नाही. कृपया जाणकारांना विचारा.’

सटवाजी : आता बोललं माणसासारखं. एवढं म्हणायला काय जात होतं त्याचं?

अनुपमा : त्याचं काही जात नव्हतं काका. माझं जात होतं.

वैभव : अनु, खाली गाडी आली. साक्षी मॅडमच असतील. कसं करायचं? आधी सांगून ठेवायचं का त्यांना?

अनुपमा : चहा दे त्यांना. बाकीच्यांसोबतच ऐकू दे.

वैभव : आणि त्या मधेच उठून गेल्या तर?

अनुपमा : तर खुर्ची रिकामी होईल. तू बस तिथं.

वैभव : मी केबल धरून उभा असणार आहे बाई, मला कुठली खुर्ची.

सटवाजी : हे सगळं पेडगावला कसं कळणार? माझ्या तोंडून कळलं तर कोणी मानणार न्हाई.

वैभव : रेकॉर्डिंग होतंय काका. एरवी मी ते रात्री टाकतो, आज भाषण संपलं की लगेच जिल्ह्याच्या सगळ्या ग्रुपवर टाकतो. तुमचा नंबर द्या, पहिलं तुम्हाला पाठवतो.

सटवाजी : पाठव. मी आता इथूनच पेडगावची गाडी धरतो. ते बसायच्या आधी देवळाच्या पायरीवर जाऊन बसतो. आलं की त्यांच्यापुढं लावतो. मला लावता येतंय, नातीनं शिकवलंय.

अनुपमा : म्हणजे माझं भाषण नाही ऐकणार? पहिल्या रांगेत बसवणार होते मी तुम्हाला.

सटवाजी : पायरीवर ऐकतो की. चार जणांना घेऊन ऐकतो.

अनुपमा : आणि त्यांनी ऐकून पण महाराजांना काढलं तर?

सटवाजी : ते पांडुरंग बघंल. आपल्या हातात सांगणं हाय, ते तू करायलीस. ...बरं, येतो मी. पोरा, तो कागद कोंब त्या पिनेत, चांगला उपाय हाय, हात मोकळा राहील.

वैभव : कोंबतो काका. सांभाळून जा, जिन्यात अंधार आहे.

अनुपमा : काका, पाया पडते.

सटवाजी : उठ माय. आता लोक येतील, भरून जाईल हे सगळं. कोणी टाळ्या वाजवतील, कोणी तोंड वाकडं करतील, त्याची फिकर करू नकोस. तू इथं बोलत असशील तेव्हा तिकडं गोपाळ कापसात पाठीवर पंप घेऊन चालत असंल, त्याला यातलं काही ऐकू येणार न्हाई. बोलताना त्याची तेवढी याद ठेव.